आनंदा भाटकरचा बायोडाटा

आनंदा भाटकर पहिल्यांदा दुकानात आला तो लग्नाचा बायोडाटा घेऊन. म्हणजे कागद नोकरीसाठीच होता, पण ज्याने करून दिला त्याने तो लग्नाच्या साच्यावर बसवला होता. वर गणपतीचं चित्र, खाली नाव, जन्मवेळ, रास, उंची, वर्ण सावळा, मामाचं आडनाव, आणि अगदी शेवटी एका ओळीत ‘बोटीवर काम, २२ वर्षे’. दोन ठेकेदारांनी तो परत केला होता. दुसरा तर त्याला म्हणाला होता, “काका, इथे आम्ही मुलगी देत नाही, नोकरी देतो.”

हे आनंदाने स्वतःच सांगितलं, काउंटरवरच्या स्टेपलरकडे बघत. मृणाली शिवलकर हसली नाही. तिने कागद नीट वाचला आणि त्याला स्टूल पुढे केलं.

एसटी स्टँडमागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, आणि काचेवर मोठ्या अक्षरांत ‘बायोडाटा’. झेरॉक्सचं मशीन तिचे वडील बघायचे. ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले होते, आणि सगळी गल्ली त्यांना आप्पाच म्हणायची. मृणालीने दुकान टाकण्याआधी तीन वर्षं पुण्यात माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीत काढली होती. एका जागेसाठी आलेले दोनशे अर्ज चाळून दुपारपर्यंत वीस करायचे, हे तिचं तिथलं काम. आईच्या आजारपणात ती परत आली, आई गेली, आणि ती इथेच राहिली. कुठला कागद वर राहतो आणि कुठला खाली पडतो हे तिला अर्जाकडे नुसतं बघून कळायचं. जाहिरातीत जे शब्द आहेत तेच शब्द बायोडाट्यात दिसले पाहिजेत, बाकी कोणी वाचत नाही, हे ती प्रत्येकाला सांगायची. मृणालीकडे बायोडाटा केला की नोकरीचा फोन येतो, असं आता पावस-पूर्णगडपर्यंत लोक बोलायला लागले होते. तिला ते आवडत होतं.

आनंदा चव्वेचाळीस वर्षांचा, भाटे गावचा. ज्या बोटीवर त्याने सगळी उमर काढली ती जैनुद्दीनशेटांची बोट गणपतीच्या आधी विकली गेली होती. मासळी मिळत नव्हती, डिझेल परवडत नव्हतं. शेटांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या बोटींवर बाहेरून आलेली पंचविशीची पोरं होती. घरी बायको गुणवंती मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घेऊन विकायची आणि मुलगी भाविका अकरावीला होती.

“दादा, बोटीवर तुम्ही नेमकं काय करायचात?” मृणालीने विचारलं.

“सगळंच.”

“सगळं म्हणजे काय? बोट सुटल्यापासून सांगा.”

त्याला वाटलं, ही सहज विचारते आहे. मग तिची बोटं कीबोर्डवर चालू झालेली बघून तो सावरून बसला आणि सांगायला लागला. इंजिन तोच बघायचा. पट्टा तुटला, पंप अडला, की भर समुद्रात उघडून दुरुस्त करायचा. बर्फ भरणं, मासळी निवडणं, जाळं ओढायचं यंत्र चालवणं, आणि बोट किनाऱ्याला लागली की मासळीचा खण धुणं.

“खणात उतरून धुता?”

“उतरल्याशिवाय कसा धुवायचा? पण एकदम नाय उतरायचं. बंद खणात मासळीचं पाणी कुजतं, त्याचा वास कोंडतो. तसाच उतरलात तर चक्कर येते. आमी झाकण काढून तासभर ठेवतो. मग कमरेला दोरी, आणि वर एक माणूस दोरी धरून. बोट चालवणाऱ्या आमच्या तांडेलाचा नियम होता तो.”

मृणालीने दुसऱ्या खिडकीत जाहिरात उघडली. ती सर्वेशने पाठवली होती. सर्वेश हा कामगार पुरवणारा ठेकेदार. एमआयडीसीत मासळीची भुकटी करणारा एक कारखाना होता, तिथली माणसं तोच भरायचा, आणि ज्यांचे कागद नीट नसत त्यांना तोच मृणालीकडे पाठवायचा. जाहिरातीत सफाई विभागासाठी दोन अटी होत्या. बंदिस्त टाक्यांमध्ये काम केल्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आणि सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं. जागा चार होत्या. सर्वेश म्हणाला होता, आतापर्यंत सव्वाशे अर्ज आलेत, त्यात ग्रॅज्युएट पण आहेत.

“मी असं लिहिते,” ती म्हणाली, “बंदिस्त टाक्यांत उतरून सफाई करण्याचा चार वर्षांचा अनुभव. चालेल?”

“टाकी नाय ओ ताई. खण.”

“बंद जागाच ना?”

त्याने विचार केला. “बंदच म्हणायची. पण चार कशी? बावीस वर्षं उतरतोय मी.”

“बावीस लिहिलं तर तुम्ही म्हातारे वाटाल.”

यावर तो पहिल्यांदा हसला. “मग चारच लिवा.”

फोटो नव्हता त्याच्याकडे, म्हणून ती म्हणाली समोरच्या स्टुडिओत काढून या. तो गेला. मृणालीने कागद पुन्हा वरून खाली वाचला. पहिली अट बसली होती. दुसरीच्या जागी काही नव्हतं. सर्वेश फोनवर नेहमी म्हणायचा, “ताई, ट्रेनिंगची ओळ नसली की तिथला साहेब कागद बाजूला टाकतो. तेवढं बघत जा.” तिने याआधी सात-आठ जणांच्या बायोडाट्यात ती ओळ घातली होती. कोणी कधी काही विचारलं नव्हतं. कामाला लागल्यावर कंपनी स्वतः काय ते शिकवेलच, असं ती धरून चालायची. तिने इंग्रजीत तीन शब्द टाइप केले, ‘सेफ्टी ट्रेनिंग कम्प्लिटेड’, आणि पुढे पूर्णविराम दिला.

आनंदा परत आला. फोटो लावून तिने छापला आणि त्याच्यासमोर ठेवला. सगळं इंग्रजीत होतं. खाली एक ओळ होती, वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे, आणि सहीची जागा.

“वाचून दाखवू?”

“नको, तुमी लिवलंय ना.” तो फोटोकडे बघत राहिला. स्टुडिओवाल्याने मागे निळा रंग दिला होता आणि त्याचे केस ओले करून बसवले होते. “हा मीच काय ओ?” तो म्हणाला. मग मराठीत, एकेक अक्षर जोडत, सही केली.

पाचव्या दिवशी त्याला बोलावणं आलं. पंधरवड्याने तो आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आला तेव्हा अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. आप्पांनी विचारलं, कसं काय चाललंय. तो म्हणाला, वास समुद्रावरचाच आहे, फक्त वारा नाही. त्या संध्याकाळी मृणालीने स्टेटसला टाकलं, आणखी एकाला नोकरी लागली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमारास, आप्पा चहा आणायला गेले आणि चहा न घेता परत आले.

“त्या भुकटीच्या कारखान्यात माणूस गेला,” ते म्हणाले. “टाकीत उतरला होता. दुसऱ्याला बाहेर काढलाय, तो सिव्हिलला आहे.”

मृणालीने फोन उघडला. गावाच्या ग्रुपवर बातमी आली होती आणि बातमीबरोबर फोटो. निळ्या रंगासमोर बसवलेले ओले केस. कोणीतरी तो बायोडाट्यावरूनच उचलला होता, कारण कोपऱ्यात तिने आखलेल्या चौकटीची रेघ दिसत होती.

ती जागेवरून उठली नाही. कोणी झेरॉक्सला आलं ते आप्पांनी बघितलं. मग तिने कॉम्प्युटरमध्ये ‘भाटकर आनंदा’ या नावाची फाइल उघडली आणि ती ओळ बघितली. आप्पा मागे येऊन उभे राहिले. त्यांना इंग्रजी पुरेसं वाचता येत होतं.

“हे त्याने सांगितलं होतं?”

“नाही.”

आप्पांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, “काढून टाक ती फाइल.”

“कागद कंपनीत आहे आप्पा. काढून काय होणार?”

“तुझ्याकडे तरी नको.”

तिने फाइल बंद केली. काढून टाकली नाही, आणि भाट्याला गेलीही नाही. प्रेत संध्याकाळी ताब्यात मिळालं, गावातले लोक कारखान्याच्या गेटवर जाऊन बसले, पोलीस आले, लोक उठले, सगळं तिला फोनवर कळत होतं. रोज सकाळी ती ठरवायची की आज जायचं. रोज दुकान उघडलं की कोणीतरी फॉर्म घेऊन उभं असायचं. अकरा दिवस असे गेले. बाराव्याला उत्तरकार्य आहे हेही तिला माहीत होतं, त्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं आणि घरात बसून राहिली.

त्यानंतर दोन दिवसांनी गुणवंती स्वतः आली. बरोबर भाविका होती. गुणवंती बुटकी, हाडापेराने भक्कम बाई. बंदरावर पहाटेपासून ओरडून ओरडून तिचा आवाज कायमचा बसलेला होता. ती काउंटरसमोर उभी राहिली, स्टुलावर बसली नाही. भाविकाने दप्तरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला.

“हा तुमी केलात ना?” गुणवंतीने विचारलं.

“हो वहिनी.”

“तो सर्वेश घरी आलेला. म्हणतो, तुमचा माणूस शिकलेला होता, सगळे नियम त्याला ठाऊक होते, ट्रेनिंग झालेलं, तरी तोंडाला काही न लावता उतरला. म्हणजे चूक त्याचीच. मी म्हटलं, कसलं ट्रेनिंग? तर म्हणतो, त्याने स्वतः लिहून दिलंय, सही हाय. ही पोर म्हणाली, हो आई, लिवलंय.” तिने कागद काउंटरवर पसरला. “बावीस वर्षं झोपताना पण तो माणूस मला बोटीवरचं सांगायचा. ट्रेनिंगला कधी गेला ते मला कसं माहीत नाय?”

मृणालीने आप्पांकडे बघितलं. त्यांनी मशीनचं झाकण बंद केलं आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

“ते मी लिहिलं,” मृणाली म्हणाली. “टाक्यांच्या अनुभवाचं त्यांना विचारून लिहिलं होतं. ट्रेनिंगचं त्यांना न विचारता. ते फोटो काढायला गेले होते तेव्हा.”

“कशाला?”

“जाहिरातीत मागितलं होतं. नसतं तर बोलावलं नसतं.”

भाविका काहीतरी बोलणार होती, पण आईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

“त्याच्याबरोबर जो होता ना, जो वाचला,” गुणवंती म्हणाली, “धोंडू. त्याला मी भेटून आले सिव्हिलला. तो सांगतो, आमचा माणूस म्हणाला होता झाकण काढून ठेवा, तासभर थांबूया, दोरी द्या. सुपरवायझर म्हणाला, अकरा वाजता गाडी यायची हाय, थांबायला वेळ नाय. आणि म्हणाला, तू ट्रेनिंगवाला ना? मग तुला कशाला दोरी. तूच उतर पहिला.” बसलेल्या आवाजात ती हे एकाच सुरात बोलत गेली. “त्याला कळलंच नसेल सुपरवायझर काय बोलतोय ते. ट्रेनिंगवाला म्हणजे काय.”

मृणाली कागदावरच्या त्या ओळीकडे बघत राहिली. तिला तेव्हा आठवत होतं की ती ओळ लिहायला तिला किती वेळ लागला होता. अर्धा मिनिट पण नाही.

“तुम्ही आमच्या बाबांना मारलंत,” भाविका म्हणाली. ती रडत नव्हती.

“गप,” गुणवंती म्हणाली. मग मृणालीला, “चौकशी लागलीय. तिकडे हे बोलशील काय, आत्ता बोललीस तसं?” ती ‘तुमी’वरून ‘तू’वर आली होती.

“बोलीन.”

“मला दुसरं काय नको. तो स्वतःच्या चुकीने मेला असं लिवू नका म्हणावं. तो तसा माणूस नव्हता. दोरीशिवाय तो विहिरीत पण उतरला नसता.”

त्या दोघी गेल्यावर आप्पा आत आले. “तू नसतं लिहिलंस तर शेजारच्या दुकानवाल्याने लिहिलं असतं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने ते परत म्हणाले, “मी येईन तुझ्याबरोबर.”

सर्वेश दुसऱ्याच दिवशी आला. चौकशीत ती बोलणार हे त्याच्या कानावर गेलं होतं. गोरटेला, तिच्याच वयाचा, बोलायला नेहमीच मऊ. त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसला.

“ताई, मी पण चार रात्री झोपलो नाही,” तो म्हणाला, आणि ते खरं वाटत होतं. “पण तुम्ही काय करायला निघालात त्याचा विचार करा. कागद खोटा आहे असं तुम्ही सांगितलंत तर खोटा कागद दिला कोणी? आनंदाने. सही कोणाची? त्याची. कंपनीचा वकील लगेच म्हणेल, यांनी आम्हाला फसवून नोकरी मिळवली. आत्ता तो निष्काळजी ठरतोय, उद्या लबाड ठरेल. त्या बाईला काय मिळायचं ते पण अडेल. आणि तुम्ही अडकाल ते वेगळंच.”

“तुम्ही मला सांगत होतात ती ओळ घाला म्हणून.”

“मी म्हणायचो कागद नीट बघा,” सर्वेश म्हणाला. “कुठे लिहून दिलंय मी?”

कुठेच नव्हतं. तो नेहमी फोनच करायचा.

मृणालीने त्या संध्याकाळी भाट्याला जाऊन गुणवंतीला हे सगळं सांगितलं. ओटीवर गावातल्या बायका बसल्या होत्या, त्यांनी तिला पाणी विचारलं नाही. सर्वेश म्हणाला त्यात तथ्य आहे, हे तिने लपवलं नाही. मी गप्प राहिले तर दादा निष्काळजी ठरतील, मी बोलले तर खोटं लिहून देणारे. तुम्ही सांगाल तसं करते, ती म्हणाली.

गुणवंतीने ऐकून घेतलं. “म्हणजे आता मी ठरवायचं,” ती म्हणाली, “की त्याला कुठलं नाव ठेवायचं.” ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मृणाली ओटीच्या कडेला उभी राहिली. शेवटी भाविका बाहेर आली आणि म्हणाली, “आई म्हणते, झालं ते बोला.”

चौकशी मार्चच्या शेवटी झाली. सरकारी कचेरीतली लांबट खोली, वर पंखा, टेबलापलीकडे पन्नाशीच्या अधिकारी बाई. एका बाजूला कंपनीचे वकील आणि सर्वेश, दुसऱ्या बाजूला गुणवंती, धोंडू, आणि मागच्या बाकावर आप्पा. मृणालीला बोलावलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. किती जणांच्या बायोडाट्यात ती ओळ घातली तेही सांगितलं.

“मृत व्यक्तीला ही ओळ माहीत होती का?” बाईंनी विचारलं.

“नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.”

वकील उठले. “सही करण्यापूर्वी तुम्ही वाचून दाखवू का असं विचारलं होतं?”

“विचारलं होतं.”

“ते काय म्हणाले?”

आठवत नाही म्हणायला मृणालीला काहीच अडचण नव्हती. दुकानात तेव्हा आप्पा सोडून कोणी नव्हतं, आणि आप्पा काही बोलले नसते. पण झालं ते बोला असं सांगितलं गेलं होतं.

“नको म्हणाले,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलंय ना, म्हणाले.”

वकिलांनी मान हलवली आणि खाली बसून लिहून घेतलं. गुणवंतीने तिच्याकडे बघितलं नाही.

मग बाईंनी कंपनीकडे प्रशिक्षणाचं रजिस्टर मागितलं. नव्हतं. टाकीतली हवा तपासायचं यंत्र मागितलं. होतं, पण ते स्टोअरमध्ये पेटीत बंद होतं. बाई म्हणाल्या, बायोडाट्यात काहीही लिहिलेलं असो, माणूस टाकीत उतरवण्याआधी शिकवणं आणि तपासणं हे तुमचं काम होतं. हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि ते ऐकताना मृणालीला वाटलं की कदाचित यातून काही सरळ निघेल.

पुढे जे झालं ते हळूहळू झालं. कारखाना सव्वा महिना बंद राहिला आणि परत सुरू झाला. सुपरवायझरची बदली झाली. सर्वेशचा ठेका गेला. दोन महिन्यांनी तीच माणसं, त्याच गाडीतून, त्याच्या मेव्हण्याच्या नावाने कामावर जायला लागली. कंपनीने खोटी कागदपत्रं तयार केल्याची तक्रार मृणालीविरुद्ध दिली. तिला पोलीस स्टेशनला बोलावलं, जबाब घेतला, कॉम्प्युटर नेला; दुकानासाठी तिने हप्त्यावर दुसरा घेतला. आता ठराविक तारखांना तिला जावं लागतं. आप्पा बरोबर जातात आणि बाहेर झाडाखाली उभे राहतात.

वर्तमानपत्रात नावासकट छापून आलं तेव्हा तिला वाटलं, आता दुकानाची पायरी कोणी चढणार नाही. तसं झालं नाही. चढणारे वाढले. एक डिप्लोमावाला मुलगा आला, एक बंद पडलेल्या शोरूममधला सेल्समन आला, दोन मुलांची आई आली जिला हॉस्पिटलात मदतनीसाची जागा हवी होती. सगळे काउंटरवर वाकून खालच्या आवाजात एकच म्हणायचे, “ताई, तुम्ही लिहिता ना, तसं लिहा.”

ती सांगायची, जे केलंय तेवढंच लिहीन. काही ऐकून घ्यायचे, बहुतेक शेजारच्या दुकानात जायचे. मदतनीसाची जागा हवी असलेली बाई जाताना म्हणाली, “तुमचं काय जातंय? तुम्हाला बसायला दुकान आहे.” मृणालीने केलेल्या बायोडाट्यांना आता फोन येत नाहीत. ती फॉर्म भरते, लाइट बिलं भरते. काचेवरचा ‘बायोडाटा’ तिने खरवडून काढला.

गणपती झाल्यावर, एका सोमवारी दुपारी, गुणवंती आली. मधल्या काळात ती कधी आली नव्हती. डोक्यावरची पाटी तिने पायरीवर उतरवली, पदराने हात पुसले आणि कमरेला खोचलेला लिफाफा काढला.

“चौकशीचा कागद आलाय,” ती म्हणाली. “इंग्रजीत हाय. भाविका पनवेलला गेली, तिच्या मावशीकडे. तिकडे एका दुकानात लागलीय. गावात कोणाला दाखवायचा नाय मला. तू वाच.”

“कॉलेज?”

“बघू पुढच्या वर्षी.”

या वेळी ती स्टुलावर बसली. मृणालीने कागद घेतला. नऊ पानं होती. तिने एकेक वाक्य वाचायला आणि मराठीत सांगायला सुरुवात केली, काही न गाळता. कंपनीने प्रशिक्षण दिलं नव्हतं. हवा तपासली नव्हती. दोरी आणि मास्क दिला नव्हता. मृत कामगाराने झाकण उघडून थांबण्याची सूचना केली होती, असं साक्षीदार धोंडू यांचं म्हणणं विश्वसनीय वाटतं.

“हे परत वाच,” गुणवंती म्हणाली. मृणालीने परत वाचलं. गुणवंतीचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत. “लिवलं म्हणजे त्यांनी,” ती म्हणाली.

सातव्या पानावर मृणाली अडखळली. “सांग,” गुणवंती म्हणाली.

“मृत कामगाराने नोकरी मिळवताना आपल्या प्रशिक्षणाबद्दल सत्य नसलेल्या माहितीवर सही केली होती. ही माहिती इतर व्यक्तीने तयार केली असली, तरी तिच्या खरेपणाची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.”

आप्पा मशीनजवळ उभे होते, ते मान खाली घालून उभे राहिले. बाहेर स्टँडवर गणपतीपुळ्याची गाडी लागल्याचा पुकारा झाला.

“म्हणजे खोटारडा,” गुणवंती म्हणाली.

“तसा शब्द नाही वहिनी.”

“शब्द नसला तरी.” तिने कागदावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. बोटाला खवल्याचा एक चकचकीत तुकडा चिकटलेला होता. “एवढं काढता येतं काय? अर्ज करून वगैरे?”

“वरच्या ऑफिसात अपील करता येईल. मी लिहून देते. पण हे ते काढणार नाहीत. सही त्यांची आहे.”

गुणवंतीने कागदावरचं बोट उचललं. मग उरलेली दोन पानं वाचायला सांगितली आणि शेवटपर्यंत ऐकली. सगळं झाल्यावर तिने पानं जुळवून लिफाफ्यात घातली.

“अपीलाचा अर्ज लिव,” ती म्हणाली. “काढूदेत, नाहीतर नको काढूदेत. पण मी विचारलं होतं हे तरी त्यांच्याकडे राहूदे.”

मृणालीने कॉम्प्युटरसमोर बसून कोरं पान उघडलं. “मराठीत लिहिते,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल तसं. आणि सही करायच्या आधी मी वाचून दाखवणार, तुम्ही नको म्हणालात तरी.”

“वाच,” गुणवंती म्हणाली. “मला कुठे घाई हाय. पाटीतलं सगळं विकलं गेलंय आज.”

आणि ती सांगायला लागली, त्याचं पूर्ण नाव, त्याचं वय, आणि तो किती वर्षं बोटीवर होता ते.